विश्लेषण : पाया समान, म्हणून घातांकही समान? गणितातील हा नियम कुठे चालतो, कुठे फसतो?

घातांकांचे गणित सोडवताना ‘दोन्हीकडचा पाया सारखा, म्हणून घातांक सारखे’ असे लिहून पुढे जाण्याची सवय शाळेपासून लागते. नियम चुकीचा नाही, पण त्याला अटी आहेत आणि त्या विसरल्या तर उत्तरे हरवतात. ८०० वर्षांपूर्वी चाळीसगावजवळच्या पाटण येथे ज्यांच्या ग्रंथांसाठी मठ उभारला गेला, त्या भास्कराचार्यांच्या उदाहरणांतही या अटी दिसतात. सावकाराच्या वहीत आणि हातातल्या मोबाइलमध्येही त्या आहेत.

नियम नेमका काय?

३ चा क्ष वा घात ८१ असेल, तर क्ष किती? शिष्यवृत्तीपासून पोलीस भरतीपर्यंतच्या परीक्षांत या धाटणीचा प्रश्न हमखास भेटतो. जळगाव किंवा धुळ्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, उत्तर दहा सेकंदांत मिळेल. ८१ म्हणजे ३ चा ४ था घात. दोन्हीकडे पाया ३ आहे, म्हणून क्ष बरोबर ४.

ज्या संख्येला स्वतःनेच पुन्हा पुन्हा गुणायचे ती पाया आणि ती किती वेळा घ्यायची ते सांगणारा आकडा घातांक, ही ओळख सातवी-आठवीच्या पुस्तकात होते. दोन घात समान आणि त्यांचा पायाही समान असेल, तर घातांक समान मानायचे, हा त्यापुढचा नियम. वर्गात तो बहुतेक वेळा ‘पाया खोडा, घातांक लिहा’ अशा कृतीच्या रूपात उतरतो. अडचण इथेच सुरू होते. फळ्यावर पाया खोडताना आपण नेमके काय केले, हे कुणी विचारत नाही.

पाया ‘खोडता’ का येतो?

एका संख्येचे दोन वेगवेगळे घात समान आले, असे क्षणभर मानू. समजा तिचा ९ वा आणि ५ वा घात एकच निघाला. दोन्ही बाजूंना ५ व्या घाताने भागले, तर डावीकडे तिचा ४ था घात उरतो आणि उजवीकडे १. म्हणजे प्रश्न एवढाच राहतो की, कोणती संख्या स्वतःशी चार वेळा गुणली असता १ मिळतो?

२, ३, १० या संख्या तसे करणार नाहीत, कारण १ पेक्षा मोठी संख्या गुणत गेले की वाढतच जाते, मागे फिरून १ वर येत नाही. अर्धा किंवा पाव यांसारखी ० आणि १ यांच्या मधली संख्या प्रत्येक गुणाकाराला लहान होते, तीही १ वर परतत नाही. दरवर्षी किंमत एक पंचमांशाने घसरणारा जुना मोबाइल तिसऱ्या वर्षीच्या किमतीला सहाव्या वर्षी पुन्हा पोहोचत नाही, तसेच हे. नियमाचा जीव यातच आहे. घातांची वाट एकाच दिशेने जाते, एकाच ठिकाणावरून दोनदा जात नाही, म्हणून ठिकाण कळले की पावले मोजता येतात.

जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॉगॅरिदमचा सगळा डोलारा याच भरवशावर उभा आहे. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या हातातले लॉग टेबल म्हणजे ‘ही संख्या १० चा कितवा घात’ याचीच यादी. प्रत्येक संख्येपुढे एकच आकडा छापता येतो, कारण एकच घातांक शक्य असतो.

मग नियम फसतो कुठे?

वरच्या युक्तिवादात दोन जागा नाजूक आहेत. आधी आपण भागाकार केला, म्हणजे पाया शून्य नाही असे गृहीत धरले. नंतर विचारले की, गुणून गुणून १ वर परतणाऱ्या संख्या कोणत्या. त्यांचे उत्तर ‘एकही नाही’ असे नाही. १ स्वतः परततो आणि उणे १ दर दुसऱ्या पावलाला परततो.

पाया १ असेल तर ५ वा घात १ आणि ५०० वा घातही १. हातउसन्या पैशांसारखे हे आहे. बिनव्याजी दिलेले ५ हजार पहिल्या महिन्यातही ५ हजार आणि तिसऱ्या वर्षीही ५ हजारच. रक्कम पाहून किती दिवस झाले ते सांगता येत नाही. १ पाया घेऊन लॉग टेबल कुणी छापत नाही ते यामुळेच, प्रत्येक पानावर एकच आकडा येईल.

पाया शून्य असेल तर शून्याचा २ रा घात शून्य, ७ वाही शून्य. जागीच थांबलेली वाट. (शून्याचा शून्यावा घात हा वेगळाच वाद आहे, शालेय गणितात तो निश्चित न करता सोडून देतात.)

उणे १ चे प्रकरण अधिक मजेशीर. त्याचे घात उणे १, १, उणे १, १ असे फिरत राहतात. भिंतीवरच्या दिव्याच्या बटणासारखे. दिवा लागलेला दिसला तर बटण विषम वेळा दाबले गेले एवढे कळते, तीनदा की तेरा वेळा ते कळत नाही. म्हणजे इथे माहिती पूर्ण हरवत नाही. घातांक सम की विषम, एवढे अर्धे सत्य शिल्लक राहते.

शिवाय पाया ऋण असला आणि घातांकाच्या जागी अपूर्णांक आला, तर त्या घाताला नेहमीच्या संख्यांत अर्थ राहीलच असे नाही. त्यामुळे वरच्या वर्गांत ‘पाया धन आणि १ पेक्षा वेगळा’ अशी अट घातली जाते. अट फळ्यावर लिहिली जाते, वहीत उतरते आणि गणित सोडवताना विसरली जाते.

परीक्षेत याने काय बिघडते?

पाया ३ किंवा ५ असा उघड आकडा असेल तर काहीच बिघडत नाही. पायातच क्ष असला की बिघडते. हे उदाहरण पाहा. (क्ष − ३) चा (क्ष + १) वा घात आणि (क्ष − ३) चा ७ वा घात समान आहेत. क्ष ही पूर्णांक संख्या असेल, तर ती कोणती?

सवयीप्रमाणे पाया खोडला की क्ष + १ = ७, म्हणून क्ष = ६. बहुतेक वह्यांत गणित इथे संपते. पण क्ष ला ४ मानून पाहा. पाया १ होतो, त्याचा ५ वा घातही १ आणि ७ वाही १, म्हणजे ४ हेही उत्तर आहे. क्ष ला ३ माना. पाया शून्य, ४ था घात शून्य, ७ वाही शून्य, तेही उत्तर. क्ष ला २ माना. पाया उणे १, त्याचा ३ रा घात उणे १ आणि ७ वाही उणे १, कारण ३ आणि ७ दोन्ही विषम. तेही चालले.

उत्तरे चार आहेत, २, ३, ४ आणि ६. नियम डोळे मिटून वापरणाऱ्याच्या हाती त्यांतले एकच लागते. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत हे झाकले जाते, कारण चार पर्यायांत ६ दिसला की उमेदवार पुढे सरकतो. पायऱ्या लिहून मागणाऱ्या परीक्षेत मात्र तीन उत्तरे हरवतात. बरे, उणे १ ची जागा प्रत्येक वेळी तपासावी लागते. याच उदाहरणात ७ च्या जागी ८ असता, तर क्ष = २ ला एका बाजूला उणे १ आणि दुसऱ्या बाजूला १ आला असता आणि ते उत्तर गळले असते.

खान्देशाचा या गणिताशी संबंध काय?

चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत पाटणादेवी आहे. खान्देशातील अनेक घराण्यांची ही कुलदेवता असल्याने नवरात्रात इथे गर्दी असते. याच पाटण येथील एका शिलालेखाने भारतीय गणिताच्या इतिहासाला मोठा आधार दिला. १८६५ मध्ये भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत, यासाठी त्याने पाटणला मठ स्थापला. निकुंभ घराण्यातील सोइदेव या मांडलिकाने शके ११२८ मध्ये, म्हणजे इसवी सन १२०७ मध्ये मठाला दान दिले. लेखात भास्कराचार्यांची वंशावळही आहे. त्यांचे वडील महेश्वर, मुलगा लक्ष्मीधर आणि त्याचा मुलगा चांगदेव. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण शेवटच्या ओळी चक्क त्या काळच्या मराठीत आहेत. बाजारातल्या मालावर मठाचा हिस्सा किती आणि तेलाच्या दर घाण्यामागे पळीभर तेल कसे द्यायचे, याचा हिशेब त्यात आहे. गणिताच्या शाळेसाठी घाण्यावरून पळी पळी तेल गोळा होत होते, हे वाचून आजच्या अनुदानित शाळांच्या चालकांनाही गंमत वाटेल. गिरणाकाठच्या बहाळ येथेही याच घराण्यातल्या अनंतदेवाचा शके ११४४ चा लेख आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड, असे ते सांगतात. ते गाव पाटणचा परिसर, कर्नाटकातले विजापूर की बीड, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मठ मात्र पाटणलाच होता आणि तिथे ‘लीलावती’ शिकवली जात होती असे मानायला पूर्ण जागा आहे.

‘लीलावती’तले कवड्यांचे उदाहरण काय सांगते?

‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. तिच्यात एका दानशूराचे उदाहरण आहे. तो याचकाला पहिल्या दिवशी २ कवड्या देतो आणि रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट देण्याचे वचन देतो. महिन्याभरात किती निष्क होतील?

३० व्या दिवशीचे दान म्हणजे २ चा ३० वा घात, १,०७,३७,४१,८२४ कवड्या. महिन्याची बेरीज २,१४,७४,८३,६४६ कवड्या. त्या वेळच्या कोष्टकाप्रमाणे २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म आणि १६ द्रम्मांचा निष्क. त्या हिशेबाने उत्तर येते १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. (संगणकाच्या ३२ बिटांच्या चौकटीत मावणारी सर्वांत मोठी धन संख्या या बेरजेहून फक्त १ ने मोठी आहे. त्याच मर्यादेमुळे काही जुन्या यंत्रणांची घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी गडबडतील.)

आता उदाहरण उलटे फिरवा. याचकाच्या झोळीत एका दिवशी ६५,५३६ कवड्या पडल्या, तर तो दिवस कितवा? २ चा १६ वा घात ६५,५३६, म्हणून सोळावा. दुसरा कोणताही दिवस शक्य नाही. दात्याने दुपटीऐवजी रोज तेवढ्याच २ कवड्या दिल्या असत्या, तर दिवसाचे दान पाहून दिवस सांगणे अशक्य झाले असते. बेरजेचे सूत्रही हेच बोलते. त्यात ‘गुणोत्तर वजा १’ ने भागायचे असते. दुपटीला हा भाजक १ येतो, ‘तेवढेच’ देण्याला शून्य येतो आणि सूत्र बंद पडते. पाया १ चा अपवाद या सूत्राच्या पोटातच बसलेला आहे.

एवढा मोठा घात काढायची भास्कराचार्यांनी दिलेली रीतही लक्षात ठेवण्याजोगी. दिवसांचा आकडा सम असेल तर अर्धा करून ‘वर्ग’ लिहायचे, विषम असेल तर १ वजा करून ‘गुण’ लिहायचे, शून्य येईपर्यंत. ३० चे १५, १५ चे १४, मग ७, ६, ३, २, १ आणि ०. मग शेवटाकडून उलटे यायचे, ‘गुण’ला दुप्पट आणि ‘वर्ग’ला वर्ग. २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि शेवटी १,०७,३७,४१,८२४. एकोणतीस गुणाकारांचे काम आठ ओळींत. ही युक्ती भास्करांच्याही आधीची आहे, पिंगळाच्या छंदःशास्त्रात तिचे मूळ सापडते. पुढे मोबाइलच्या प्रकरणात ती पुन्हा भेटेल.

शून्याबाबत भास्कराचार्य काय म्हणाले होते?

पाया शून्य असताना भागाकार करता येत नाही, म्हणून नियम फसतो, हे वर आलेच. शून्याने भागण्याचा प्रश्न ‘लीलावती’तही आहे आणि तिथे भास्कराचार्यांनी दिलेले उत्तर आजच्या पुस्तकांना मान्य होणारे नाही.

त्यांचे म्हणणे असे. संख्येला शून्याने गुणले तर शून्य येते, पण पुढे आणखी क्रिया करायच्या असतील तर लगेच शून्य लिहून मोकळे होऊ नये. ‘शून्याने गुणलेली संख्या’ अशी तिची ओळख ठेवावी, पुढे शून्याने भागायची वेळ आली तर मूळ संख्या परत मिळते. उदाहरणही दिले आहे. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच अर्धे मिळवले, ३ ने गुणले आणि शून्याने भागले तर ६३ येतात, ती संख्या कोणती? उत्तर १४. कारण १४ आणि ७ मिळून २१, त्याची तिप्पट ६३.

आजच्या नियमाने पाहिले तर १४ ऐवजी १० घेतले तरी शून्याने गुणल्यावर शून्यच उरते आणि शून्य भागिले शून्य यातून कोणतीच एक संख्या ठरत नाही. ‘शून्य गुणिले १४’ आणि ‘शून्य गुणिले १०’ समान आहेत म्हणून शून्य खोडून १४ बरोबर १० म्हणणे आणि शून्याचे घात समान म्हणून घातांक समान म्हणणे, ही एकाच जातीची चूक आहे. तरीही भास्कराचार्यांना सरळ नापास करणे अन्यायाचे होईल. शून्य लिहिताच माहिती पुसली जाते, हे त्यांच्या नेमके लक्षात आले होते, म्हणूनच त्यांनी ती जपून ठेवायला सांगितले. ग्रहगणितात याचा फार उपयोग होतो, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे. काही अभ्यासकांना त्यात पुढच्या काळातील सीमेच्या कल्पनेची चाहूल दिसते. ती दिसणे समजण्यासारखे आहे, पण सीमेची काटेकोर व्याख्या व्हायला १९ वे शतक उजाडावे लागले.

व्याजाच्या वहीत हा नियम कसा वागतो?

‘सवाई’ आणि ‘दिढी’ हे शब्द महाराष्ट्राच्या खेड्यांत आजही जुन्या माणसांना ठाऊक आहेत. पेरणीला नेलेले धान्य सुगीला दीडपट करून परत द्यायचे ती दिढी. १६ पायली ज्वारी नेली तर सुगीला २४. नाही फिटली तर पुढच्या हंगामाला ३६, मग ५४, मग ८१. हा दीडचा घात आहे.

सावकार ८१ पायली मागतो आणि कुळाच्या मते तीनच हंगाम झाले आहेत. वही वाचता येत नसली तरी ही तक्रार तपासता येते. तीन हंगामांना ५४ होतात. ८१ फक्त चार हंगामांनाच होतात, दुसऱ्या कशाने नाही. दर ठरलेला असेल तर आकडा वेळ लपवू देत नाही आणि कर्जदाराच्या हाती असलेले हे फार मोलाचे साधन आहे.

पण त्यात ‘दर ठरलेला असेल’ ही अट आहेच. १६ चे ८१ दोन हंगामांतही होतात, दर हंगामाला सव्वादोनपट लावले तर. म्हणजे घातांकाची खात्री पाया पक्का असेल तेव्हाच. दर तोंडी असेल, मध्येच बदलत असेल तर वहीतल्या ८१ मागे किती हंगाम दडले आहेत ते कुणालाच सिद्ध करता येत नाही. १८७५ मध्ये पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावून जाळले आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जासंबंधी कायदा आला. त्या असंतोषाला कारणे अनेक होती, न समजणारे हिशेब हे त्यांतले एक.

दामदुपटीची गोष्ट याच्या उलट. मुंबई इलाख्यात चालत आलेल्या या जुन्या नियमाने एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नसे. १०० रुपयांना सवाईने पहिल्या वर्षी १२५, मग १५६ रुपये २५ पैसे, मग सुमारे १९५. चौथ्या वर्षी २४४ व्हायला हवेत, पण मागता येतात २०० च. पाचव्या वर्षीही २०० आणि पंधराव्याही. वाढती वाट इथे भिंतीला टेकते आणि २०० या आकड्यावरून वर्षे सांगता येत नाहीत. गणिताचा नियम मोडतो, पण कर्जदार वाचतो.

मोबाइलमध्ये हे गणित कुठे आहे?

आठवडे बाजाराचे वार घ्या. आज मंगळवार आहे. २ दिवसांनी गुरुवार, ४ दिवसांनी शनिवार, ८ दिवसांनी बुधवार. १६ दिवसांनी पुन्हा गुरुवार, ३२ ला शनिवार, ६४ ला बुधवार. २ चे घात वाढतच आहेत, पण सातच्या चक्रात गुंडाळल्यावर तीनच वार आळीपाळीने येतात. ‘गुरुवार आला’ एवढ्यावरून २ चा १ ला घात, ४ था की ७ वा, ते कळत नाही. पाया २, शून्य नाही, १ नाही, उणे १ ही नाही, तरी नियम फसला. कारण वाट सरळ राहिली नाही, गोल झाली. घातांकांत ३ च्या पटीचा फरक आहे, एवढेच म्हणता येते.

याच गोल वाटेवर मोबाइलचे कुलूप बसवले आहे. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये ती कल्पना मांडली. लहान आकड्यांत ती अशी दिसते. चक्र १७ चे, म्हणजे १७ ने भागून बाकी घ्यायची. पाया ३. धुळ्यातला फोन मनात ६ धरतो, ३ च्या ६ व्या घाताची बाकी १५ येते, ती पाठवतो. जळगावातला फोन मनात ११ धरतो, त्याची बाकी ७ येते, ती पाठवतो. आता धुळ्याचा फोन आलेल्या ७ चा ६ वा घात काढतो, बाकी ९. जळगावचा फोन आलेल्या १५ चा ११ वा घात काढतो, बाकी ९. दोघांकडे एकच गुप्त आकडा तयार झाला आणि तो वाटेत कुठेच बोलला गेला नाही. वाटेत ऐकणाऱ्याला ३, १७, १५ आणि ७ एवढेच कळले.

ऐकणाऱ्याला हवा आहे घातांक. १७ च्या चक्रात ३ चे पहिले १६ घात वेगवेगळे येतात, म्हणून १ ते १६ मध्ये उत्तर एकच आहे. पण ते क्रमाने येत नाहीत. ३, ९, १०, १३, ५, १५, ११ असे उड्या मारत येतात. १५ पाहून ६ ओळखायला एकेक करून मोजावे लागते. १७ च्या जागी ६०० हून अधिक अंकांची संख्या ठेवली, की घात काढणे फोनला क्षणाचे काम राहते. तिथे ‘वर्ग’ आणि ‘गुण’ वाली तीच जुनी रीत चालते. घातांक शोधणे मात्र आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर जाते. उत्तर एकच असते, फक्त सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवांमध्ये याच कल्पनेचे इलिप्टिक कर्व्हवर बेतलेले रूप वापरले जाते. डिफी आणि हेलमन यांना या कामासाठी २०१५ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

हे कुलूप कायमचे आहे का?

नाही. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक तयार झाला, तर तो असे लपलेले घातांक झटपट शोधेल. तसा संगणक अजून झालेला नाही. मात्र तयारी सुरू आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची पहिली तीन मानके जाहीर केली. त्यांची सुरक्षितता घातांक शोधण्याच्या अवघडपणावर अवलंबून नाही.